दोन फासे, आठ आवृत्त्या: ‘ट्रॅव्हलर’च्या तुलनेची प्रस्तावना

‘ट्रॅव्हलर’ हा खेळ जुलै १९७७मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. आजही तो छापला जातो, विकला जातो आणि मनापासून खेळला जातो. मधल्या काळात त्याच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या, की नव्याने वळणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो हाच, की यातली नेमकी कोणती घ्यायची? या पुस्तकात त्यांपैकी आठ आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून तपासल्या आहेत. लिहिताना डोळ्यांसमोर होता तो वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर इथला वाचक. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा त्याने वाचल्या आहेत, पुढे काय होणार याचा विचार करत रात्र जागवली आहे, पण गोष्टीत स्वतः शिरून पुढचं पाऊल ठरवता येईल असा खेळ त्याच्या हाती अजून पडलेला नाही.

या दोन्ही गोष्टींचा काळ एकच आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा गाजली ती १९७४मध्ये. त्याच वर्षी अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला आणि टेबलाभोवती बसून भूमिका खेळण्याचा प्रकार रुजला. त्यानंतर तीनच वर्षांनी ‘ट्रॅव्हलर’ आला. इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल-ब्लूमिंग्टन या जोडगावांत ‘गेम डिझायनर्स वर्कशॉप’ नावाची छोटी कंपनी होती. तिथल्या मार्क मिलर यांनी फ्रँक चॅडविक, जॉन हार्शमन आणि लोरेन वाइजमन यांच्या मदतीने हा खेळ रचला. एका छोट्या काळ्या डब्यात तीन सडपातळ काळ्या पुस्तिका, एवढाच त्याचा पसारा. पहिलीत पात्रं आणि लढाई, दुसरीत अंतराळयानं, तिसरीत ग्रहगोल आणि साहसं.

खेळ चालतो असा. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक रेफरी होतो. समोर काय दिसतं आहे, बंदरावरचा अधिकारी काय म्हणाला, इंजिनाचा आवाज कसा बदलला हे तो सांगतो. बाकीच्यांनी आपापलं पात्र काय करतं ते सांगायचं. गोष्ट साधेल की फसेल याची शंका असेल तिथे दोन फासे टाकायचे. पट नाही, सोंगट्या नाहीत, हार-जीत नाही. दुपार सरते, चहाच्या फेऱ्या होतात, आणि उठताना प्रत्येकाजवळ कुणीही आधी लिहून न ठेवलेली एक गोष्ट असते.

‘ट्रॅव्हलर’चं वेगळेपण पात्र घडवतानाच कळतं. दुसऱ्या बहुतेक खेळांत पात्र कोवळं, अननुभवी असतं आणि खेळता खेळता मोठं होतं. इथे ते टेबलावर येतं तेव्हा त्याचं अर्धं आयुष्य होऊन गेलेलं असतं. एक पात्र इथेच घडवून पाहू. दोन फासे सहा वेळा टाकायचे. समजा, ताकद ६, चपळाई ८, सहनशक्ती ९, बुद्धी ७, शिक्षण ५ आणि सामाजिक स्थान ४ असे आकडे पडले. हे लिहायचं ६८९७५४. अठराव्या वर्षी घर सोडलेला, अंगाने काटक, शाळेत फार न रमलेला आणि गरीब घरातला मुलगा या सहा आकड्यांत उभा आहे. तो स्काउट दलात जायचं ठरवतो. भरतीसाठी सात किंवा जास्त हवेत; बुद्धी सहा किंवा जास्त असल्याने एक गुण अधिक मिळतो. फासा टाकला, काम झालं. आता चार वर्षांची नोकरी. अनोळखी ग्रहांचा शोध घेणारं हे दल धोक्याचं, त्यामुळे प्रत्येक टप्प्याला जगण्याचा फासा टाकावा लागतो, आणि तिथे पुन्हा सात किंवा जास्त लागतात. ३६ शक्यतांपैकी २१च अनुकूल. आपल्या मुलाची सहनशक्ती ९ आहे, म्हणून दोन गुण वाढीव. त्याला पाच पुरतात आणि ३६पैकी ३० शक्यता त्याच्या बाजूने होतात.

हा फासा चुकला तर? १९७७च्या नियमांत पात्र मरतं. खेळ सुरू होण्याआधीच. कागद बाजूला ठेवायचा आणि नवा घ्यायचा. ऐकणाऱ्याला हे क्रूर वाटतं, पण त्यामागे विचार आहे. अजून चार वर्षं नोकरी केली तर कौशल्यं वाढतील, निवृत्तीचे लाभ वाढतील, कदाचित एक जुनं स्काउट यानही पदरात पडेल. पण जिवावर बेतू शकतं. शिवाय चौतिसाव्या वर्षापासून म्हातारपणाचा फासा सुरू होतो आणि ताकद, चपळाई, सहनशक्ती यांतला एखादा आकडा कमी होऊ शकतो. थांबायचं कधी, हा निर्णय खेळाडूला पहिल्या अर्ध्या तासातच घ्यावा लागतो. १९८१च्या सुधारित आवृत्तीने सवलत दिली, की रेफरीची हरकत नसेल तर पात्र मरणार नाही, जखमी होऊन नोकरीतून बाहेर पडेल. २००८च्या आवृत्तीने तर या अपयशासाठी अपघातांचा स्वतंत्र तक्ताच दिला. त्यात एखाद्याचा वरिष्ठ त्याच्यावर उलटतो, एखादा जायबंदी होतो, एखाद्याच्या मागे कायमचा शत्रू लागतो. फासा तोच, नियमाचं नावही तेच. पण पहिल्यात तो भीती देतो, दुसऱ्यात सवलत आणि तिसऱ्यात गोष्ट. आवृत्त्यांची तुलना म्हणजे काय, हे या एका फाशावरून कळावं.

दुसरं वेगळेपण अंतराचं. या विश्वात यानं ‘जंप’ करतात. एक ते सहा पार्सेक अंतर, पण कितीही पार्सेक असले तरी जंपला साधारण एक आठवडा लागतो. जंपमध्ये असताना बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला. आणि संदेश पाठवण्याची यापेक्षा वेगवान सोय नाही. रेडिओ नाही, तार नाही. बातमी यानातूनच जाते. सम्राटाचा हुकूम सरहद्दीवर पोहोचायला कित्येक महिने लागतात, तोवर सरहद्दीवरच्या माणसाला स्वतःच्या अकलेने वागावं लागतं.

वाशीम जिल्ह्याच्या माणसाला हे जग परकं वाटू नये. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं श्रद्धास्थान. रामनवमीला तिथे देशभरातून लोक येतात. १८६०च्या दशकात वऱ्हाडात रेल्वे येईपर्यंत हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून लमाणांचे तांडे मीठ, धान्य आणि कापूस वाहत होते. मोगल, मराठे आणि इंग्रज यांच्या फौजांची रसद त्यांच्यावर चालत असे. तांड्याचा नायक निघताना पुढच्या बाजारात भाव काय असेल हे त्याला ठाऊक नसे. भावाची बातमी तांड्याच्याच चालीने येई. वाटेत लूटमार होई, नदीला पूर येई, बैल दगावत. ‘ट्रॅव्हलर’मधला स्वतंत्र व्यापारी नेमकं हेच जगतो, आणि मिलर यांनी रचलेली ही व्यवस्था समजायला वऱ्हाडी वाचकाला आपल्या इतिहासाची एवढी ओळख पुरेशी आहे.

तिसरं वेगळेपण पैशाचं. खेळातलं सर्वांत ओळखीचं व्यापारी यान दोनशे टनांचं आहे. किंमत ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिट. एवढी रक्कम कुणाजवळ नसते, म्हणून वीस टक्के रोख भरून बाकीचं कर्ज. दर महिन्याला किमतीचा २४०वा भाग, म्हणजे १ लाख ५४ हजार ५०० क्रेडिट, असे चाळीस वर्षं हप्ते. आता कमाई पाहा. यानात ८२ टन माल मावतो आणि ठरलेला दर टनाला एक हजार. एक आठवडा जंप, एक आठवडा बंदरात, म्हणजे महिन्याला दोन फेऱ्या. दोन्ही वेळा यान शिगोशीग भरलं तरी हाती येतात १ लाख ६४ हजार. हप्ता गेल्यावर उरतात साडेनऊ हजार, आणि इंधन, पगार, बंदराचं शुल्क, दुरुस्ती अजून बाकीच. म्हणून मग प्रवासी शोधायचे, नाहीतर खिशातले पैसे घालून माल विकत घ्यायचा आणि पुढच्या ग्रहावर भाव मिळेल अशी आशा धरायची. तेवढ्यानेही भागत नसेल तर बंदरावरच्या कुणा अनोळखी माणसाने देऊ केलेलं, फार प्रश्न विचारू नयेत असं काम घ्यायचं. साहस सुरू होतं ते असं. जग वाचवण्याची हाक कुणी दिलेली नसते; पहिल्या तारखेचा हप्ता दारात उभा असतो. मला या खेळाबद्दल जो आदर वाटतो, त्याचं मूळ इथे आहे. अंतराळाच्या गोष्टीत त्याने कष्टकरी माणसाचा जमाखर्च आणला आणि तो हिशेब कुठेही पातळ केला नाही.

हा खेळ आवृत्त्या बदलूनही टिकला तो या तीन गोष्टींवर. आधी जगून झालेलं आयुष्य, यानाच्याच वेगाने जाणारी बातमी आणि डोक्यावरचं कर्ज. आठही आवृत्त्या मी याच तीन कसोट्यांवर घासून पाहिल्या आहेत. फासे सहा बाजूंचे की वीस बाजूंचे, चिलखताचे गुण कसे मोजायचे, हे तपशील पुस्तकात आहेतच. पण त्यावरून एखादी आवृत्ती ‘ट्रॅव्हलर’ आहे की नाही हे ठरत नाही.

क्रम थोडक्यात सांगतो. पहिली आवृत्ती १९७७ची आणि तिचं सुधारित रूप १९८१चं. मूळ तीन पुस्तिकांत कुठलंही तयार विश्व नव्हतं. ‘तिसरं साम्राज्य’ हे पुढे प्रसिद्ध झालेलं विश्व १९७८–७९च्या पूरक पुस्तकांतून हळूहळू उभं राहिलं. ‘स्पिनवर्ड मार्चेस’ या सरहद्दीच्या प्रदेशाचं पुस्तक १९७९चं. त्यात प्रत्येक ग्रह एका ओळीत मावतो. बंदराचा दर्जा, आकार, वातावरण, पाणी, लोकसंख्या, राज्यपद्धती, कायद्याचा कडकपणा आणि तंत्रज्ञान, सगळं एकेका अक्षरात किंवा आकड्यात. पृथ्वीचं वर्णन याच रीतीने केलं तर आकार, वातावरण आणि पाणी यांचे आकडे ८, ६, ७ येतात. म्हणजे आठ हजार मैलांचा व्यास, श्वास घेण्याजोगी हवा आणि सत्तर टक्के पाणी. ही ओळ वाचायची सवय झाली की नुसत्या आकड्यांतून गावं दिसू लागतात.

१९८७ची ‘मेगाट्रॅव्हलर’ ही दुसरी. ‘डायजेस्ट ग्रुप पब्लिकेशन्स’च्या मंडळींनी तिच्या रचनेत मोठा वाटा उचलला आणि कुठलंही काम किती अवघड हे ठरवण्याची एकसंध पद्धत दिली. पण तिची खरी ओळख कथेतल्या घटनेमुळे. साम्राज्याच्या १११६व्या वर्षी सम्राट स्ट्रेफॉनची हत्या होते आणि यादवी पेटते. मेला तो तोतया होता, खरा सम्राट मीच, असं म्हणणाराही पुढे येतो. हे कथानक उभं आहे ते संथ बातमीच्या नियमावर. खात्री करायला महिने लागतात, म्हणून प्रत्येक सरदाराला खरं-खोटं न कळताच बाजू निवडावी लागते. नियम आणि कथा यांचा इतका घट्ट मेळ दुसऱ्या कुठल्याही आवृत्तीत साधलेला नाही. छपाईतल्या चुका मात्र भरपूर, आणि त्यांनी वाचकाची परीक्षा पाहिली.

१९९३च्या ‘द न्यू एरा’ने दोन फासे सोडून वीस बाजूंचा फासा घेतला आणि साम्राज्यच मोडून टाकलं. संगणकांत शिरणाऱ्या एका सजीव विषाणूने यानं आणि शहरं उद्ध्वस्त केली. खेळ सुरू होतो तो सुमारे सत्तर वर्षांनंतरच्या भग्नावशेषांत. जुने खेळाडू दुखावले. त्यांचं दुःख मला कळतं, पण कसोट्या लावल्या तर ही आवृत्ती जितकी बदनाम झाली तितकी वाईट नाही. चार-चार वर्षांच्या टप्प्यांतून घडणारं आयुष्य तिने ठेवलं, जंपचा आठवडा ठेवला. साम्राज्य गेल्याने अंतर उलट अधिक जाणवू लागलं. १९९६मध्ये ‘गेम डिझायनर्स वर्कशॉप’ बंद झाली. त्याच वर्षी ‘इम्पीरियम गेम्स’ने ‘मार्क मिलर्स ट्रॅव्हलर’ काढली आणि खेळ साम्राज्याच्या स्थापनेच्या, म्हणजे शून्याव्या वर्षात नेला. कल्पना उत्तम, पण संपादन घाईचं; कंपनी दोन वर्षांत मिटली.

१९९८मध्ये स्टीव्ह जॅक्सन गेम्सने ‘गर्प्स ट्रॅव्हलर’ आणली आणि लोरेन वाइजमन यांनीच ती सांभाळली. तिच्या विश्वात सम्राटाची हत्या झालीच नाही. व्यापार, दळणवळण, ग्रहांची रचना यांवरची तिची पुस्तकं आजही पहिल्या प्रतीची आहेत. पण पात्र गुण मोजून विकत घ्यायचं असल्याने फाशाने घडलेलं आयुष्य तिच्यातून गेलं, आणि पहिल्या कसोटीवर ती उणी पडते. हे मी जड मनाने लिहितो, कारण विश्वाच्या माहितीसाठी मी आजही तिच्याकडेच वळतो. २००२च्या ‘टी-ट्वेंटी’ने त्या काळी जोरात असलेल्या वीस-बाजूंच्या पद्धतीशी जुळवून घेतलं आणि कथा शंभराहून अधिक वर्षं मागे नेली. तिने पात्राच्या पूर्वायुष्याला जागा ठेवली, पण अनुभवाच्या पायऱ्याही आणल्या, आणि पायऱ्या चढत जाणारा नायक या खेळाच्या स्वभावात बसत नाही.

सातवी ब्रिटनच्या ‘माँगूज’ची. गॅरेथ हॅनराहन यांनी लिहिलेली २००८ची, मग २०१६ची दुसरी आणि तिचंच २०२२मध्ये सुधारलेलं रूप. दोन फासे परत आले. आठ किंवा जास्त पडले की काम झालं. कथा ११०५व्या वर्षी, म्हणजे हत्येच्या अकरा वर्षं आधी आणून ठेवली. पात्रांच्या पूर्वायुष्यात मित्र, शत्रू, उपकारकर्ते आणि एकमेकांशी जुनी ओळख यांची भर घातली. आठवी मिलर यांची स्वतःची, २०१३ची ‘ट्रॅव्हलर फाइव्ह’. वाचकांच्या आगाऊ वर्गणीतून छापलेला, साडेसहाशेहून अधिक पानांचा हा ग्रंथ आहे. बंदुकीपासून प्राण्याच्या ज्ञानेंद्रियांपर्यंत काहीही घडवण्याची सूत्रं त्यात आहेत. टेबलावर खेळायला तो जड आहे, पण रेफरीने अभ्यासाला जरूर ठेवावा. २०२४मध्ये मिलर यांनी खेळाची मालकी माँगूजकडे सोपवली. जवळजवळ अर्धं शतक एका माणसाने जपलेलं काम पुढच्या हातांत गेलं. तुलना करायला हा योग्य टप्पा आहे.

आपल्याकडे आवृत्त्या आणि पाठ ताडून पाहण्याची परंपरा मोठी आहे. भांडारकर संस्थेने १९१९पासून १९६६पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, वि. स. सुखठणकरांनी घालून दिलेली शिस्त आजही वाट दाखवते. तिथला शोध जुन्यात जुन्या पाठाचा. इथे मला तेवढी शिस्त घ्यायची होती, पण हेतू वेगळा होता. या खेळात जुनं म्हणजे अस्सल आणि नवं म्हणजे भेसळ असं धरता येत नाही. १९७७च्या पुस्तिकांत पात्राचे मित्र नव्हते, शत्रू नव्हते. ते तीस वर्षांनी आले आणि खेळाला शोभले. उलट १९८७ची यादवी टेबलावर अप्रतिम रंगत असूनही पुढच्या बहुतेक प्रकाशकांनी तिला वळसा घातला. म्हणून प्रत्येक प्रकरणात तिन्ही कसोट्या त्याच क्रमाने लावल्या आहेत, आणि कुठली आवृत्ती काय जपते, काय सोडते हे वाचकासमोर ठेवलं आहे. माझा कल कुठे आहे तेही लपवलेलं नाही.

तो कल असा. पहिल्यांदा खेळणाऱ्यांनी २०२२चं माँगूजचं मूळ पुस्तक घ्यावं. त्याची मांडणी स्वच्छ आहे आणि पहिल्याच बैठकीत पात्रं एकमेकांशी बांधली जातात. खेळात मुरल्यावर १९८१चे नियम आणावेत, म्हणजे किती कमी शब्दांत केवढं विश्व उभं राहतं हे दिसेल. यादवीच्या कथेसाठी ‘मेगाट्रॅव्हलर’ आणि व्यापाराच्या बारकाव्यांसाठी ‘गर्प्स’ची पुस्तकं जवळ असावीत. एकाच टेबलावर दोन आवृत्त्यांचं साहित्य वापरायला कुणाची हरकत नाही. पुष्कळसे खेळाडू तसंच करत आले आहेत.

शेवटची गोष्ट आग्रहाने सांगतो. मूळ पुस्तिकांत तयार साम्राज्य नव्हतं, ते प्रत्येक टेबलाने रचायचं होतं. आठ आडवे आणि दहा उभे षट्कोन, दोन फासे आणि एक कोरा कागद एवढ्यावर एक उपप्रदेश उभा राहतो. मराठी खेळाडूंनी इंग्रजी विश्वात पाहुण्यासारखं फिरत राहू नये. आपल्या ग्रहांना आपली नावं द्यावीत, आपले नायक, आपले सावकार, आपले बाजार आणि आपल्या भांडणांच्या गोष्टी त्यात आणाव्यात, आणि बोलणं आपल्या बोलीत व्हावं. पुस्तकाच्या अखेरीस त्यासाठी कोरे तक्ते जोडले आहेत. प्रकरणं सवडीने वाचा, पण पहिला ग्रह आजच फासे टाकून लिहून काढा.

वाशीम